पावणाईचं बिऱ्हाड

"मशीन चालवणारो माणूस कदी येतलो?" परबभाईंनी विचारलं.

मी सभामंडपाच्या मधोमध तिवई उभी करत होते. तिन्ही पाय पातळीत आल्याची खात्री केली, वर स्कॅनर बसवला, स्क्रू आवळला आणि मग म्हटलं, "आलाय. मीच."

ते माझ्या पाठीमागे बघू लागले. पाठीमागे फणसाच्या लाकडाचा खांब होता आणि खांबावर कुणी तरी कोरलेला पोपट होता. माणूस कुणी नव्हता.

वासुदेव परब हे देवस्थान समितीचे अध्यक्ष. मुंबईला गोदीतली नोकरी संपवून कुंदवळला परतलेले. कुणाशी आवाज चढवून न बोलणारे गृहस्थ. संस्थेतून माणूस येईल, यंत्र लावील, देवळाची मापं घेईल, हे त्यांनी मान्य केलं होतं. तो माणूस साडेपाच फुटी, जीन्समधली बाई असेल हे समितीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि आपण कळवायला हवं हे आमच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"तसा नाय," ते जरा अवघडून म्हणाले. "ह्या भायलां सगळा ठीक आसा, तुमी खुशाल करा. पण गाभाऱ्यात बायलमाणूस जाणा नाय. आमच्याकडे आदीपासून तसा आसा."

"मग गाभाऱ्याचं काय करायचं?"

"बघूया," भाई म्हणाले.

शेजारी धाकू गुरव उभे होते. देवीचे पुजारी, बारीक अंगाचे, खाली बघून बोलणारे. ते म्हणाले, "कौल लावया. आई सांगात तसा करूया." कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भाईंनी मान डोलावली. मीही डोलावली. गोष्ट तिथेच राहिली. पुढचे सगळे दिवस गाव मांडवाच्या, जेवणावळीच्या आणि मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या गडबडीत होता. कौल लावायचं उद्यावर पडत गेलं, आणि असं काही आज-उद्या करत राहिलं की ते राहूनच जातं, हे मला माझ्या घरचंच माहीत होतं.

पावणाईचं ते देऊळ पाडायचं ठरलं होतं. उतरत्या छपराचं, कौलारू, कोरीव खांबांचं देऊळ. तिथे आता सिमेंटचं, संगमरवरी फरशीचं, उंच कळसाचं मंदिर होणार होतं. आमच्या संस्थेतल्या मोठ्या माणसांनी गावाला परोपरीने समजावलं होतं. गावाने चहा पाजून, ऐकून घेऊन, त्यांना वाटेला लावलं. मग संस्थेने मागितलं, की निदान आहे तसं मोजून तरी ठेवू द्या. ते काम माझं होतं. स्कॅनर गोल फिरतो, चहूकडे किरण सोडतो, किरण जिथे आपटून परत येतो त्या प्रत्येक जागेचा एक बिंदू टिपतो. असे कोट्यवधी बिंदू गोळा झाले की संगणकात त्यांचं देऊळ उभं राहतं. खांब न् खांब, पोपटाची चोच, पायरीची झिजलेली कड, केसाचाही फरक न पडता सगळं खरं. त्यात फिरता येतं, वर जाऊन छपरातून खाली बघता येतं. हात लावता येत नाही एवढंच. मी तेव्हा सत्ताविशीत होते, जिभेने फटकळ होते, आणि पाडायच्या इमारती मोजून मोजून थोडी कडूही झाले होते. गावाशी वाद घालायला मी आले नव्हते. मला पुरं देऊळ हवं होतं, आणि गाभाऱ्याशिवाय देऊळ पुरं होत नाही.

गाभाऱ्यासाठी एक अट मात्र पहिल्यापासून होती. देवी आत असताना यंत्र आत जाणार नाही. देऊळ मोडण्याआधी कलाकर्षण करतात. भटजी मंत्रांनी मूर्तीतलं देवत्व काढून पाण्याच्या कलशात आणतात, आणि नवं देऊळ होईपर्यंत पूजा त्या कलशाची चालते. मूर्तीत मग काही राहत नाही. कलाकर्षण सकाळी होतं आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला छपराचं पहिलं कौल उतरवायचा मुहूर्त होता. मधली दुपार तेवढी माझी.

माझी राहायची सोय धाकूकाकांच्याच घरी केली होती. देवळाच्या अंगणाला लागून त्यांचं घर. घरात दोघंच, काका आणि आनंदीकाकी. काकी साठीच्या, उंच, रुंद मनगटांच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या यंत्राकडे बघून विचारलं, ह्याला जेवायला काय लागतं. मी म्हटलं, वीज. तर त्यांनी स्वयंपाकघरातला मिक्सरचा प्लग काढून जागा करून दिली आणि आठवडाभर खोबरं पाट्यावर वाटलं.

त्यांचा दिवस सगळा देवीभोवती फिरायचा. पहाटे फुलं काढायची, वेणी गुंफायची, वाती वळायच्या, नैवेद्य करायचा, लुगडं धुवायचं. हे सगळं त्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत न्यायच्या आणि उंबऱ्यावरून काकांच्या हातात द्यायच्या. लग्न होऊन आल्यापासून हेच. आत देवीला लुगडं कसं नेसवतात ते त्यांनी बघितलेलं नव्हतं. पण किती घड्या घालून दिल्या म्हणजे बरोबर बसतं हे त्यांना येत होतं, कारण सासूने तसं शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूने.

त्यांना मुलगी आहे हे मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. मी बॅटऱ्या मोजत पडवीत बसले होते. काकी तांदूळ निवडत होत्या. मला त्यांनी विचारलं, की रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळात चांगले डॉक्टर असतात का. मी म्हटलं, असतात, का हो. मग थोडं थोडं करून त्यांनी सांगितलं. सुगंधा तिचं नाव. कॉलेजात असताना दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न करून गेली. तेव्हापासून ह्या घरात तिचं नाव नाही. शेजारच्या सुनेच्या फोनवर ती अधूनमधून आईशी बोलते. दोन वेळा तिचं मूल पोटातच गेलं. आता आठवा महिना होता आणि डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

"माजा काय जास्त मागणा नाय," काकी म्हणाल्या. "आईच्या कानार एकदा तिचा नाव जावक व्हया. ह्यांका म्हटलंय, गाऱ्हाणा घाला. सगळ्या गावाचा घालतत, आपल्या चेडवाचा एक घाला. उद्या आई कलशात गेली, देऊळ मोडला, मगे कदी घालतलात?"

"मग?"

"मगे काय? उठान गेले."

गाऱ्हाणं ही तिकडची रीत. आपलं दुःख, आपली अडचण देवासमोर आपण मांडायची नाही. ती पुजाऱ्याने मांडायची, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, आणि एकेक मागणं झालं की जमलेल्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. साथ मिळाली की गाऱ्हाणं देवाला पोचलं. काकींना आयुष्यात जे काही मागायचं होतं ते नवऱ्याच्या तोंडून मागावं लागलं होतं, आणि हे एक मागणं ते तोंड घेत नव्हतं. मला त्या दिवशी धाकूकाकांचा फार राग आला. जेवायला बसल्यावर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसेल, कारण ते स्वतःच कुणाशी बोलत नव्हते.

कलाकर्षणाच्या सकाळी सभामंडप भरून गेला होता. बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या. मी बायकांच्या मागे भिंतीला टेकून होते, शेजारी काकी. आत आठल्येभटजींचे मंत्र चालले होते. मूर्ती आणि कलश दर्भाने जोडले होते, असं नंतर मला कुणी तरी सांगितलं. आम्हाला दारातून भटजींची पाठ आणि समईचा उजेड दिसत होता, बाकी काही नाही. शेवटचा मंत्र म्हणण्याआधी भटजी थांबले आणि त्यांनी धाकूकाकांकडे बघितलं. देवी ह्या मूर्तीत असतानाचं शेवटचं गाऱ्हाणं घालायची वेळ झाली होती.

काका उंबऱ्यावर आले. खाली बघून बोलणारा हा माणूस गाऱ्हाणं घालताना वेगळाच होई. मान ताठ, आवाज मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचणारा.

"गे आई पावणाई! आज तुजी लेकरां तुजा जुना घर मोडून नया घर बांधतत. काय चुकला माकला तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

"जे कोण पोटासाठी मुंबयक गेले, गोव्याक गेले, तेंका खय आसतीत थय सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

मग कंत्राटदाराच्या गवंड्यांना इजा न होवो असं झालं. समितीच्या हाताला यश दे असं झालं. कुणाची कोर्टात चाललेली केस, कुणाच्या मुलाची परीक्षा. आणि मग माझ्या कानांवर विश्वास बसेना. "ह्या मुंबयच्या चेडवान आपला यंत्र घेवन तुजी सेवा केल्यान. तिच्या यंत्राक येश दी."

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप म्हणाला. बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं.

काका थांबले. भटजींनी शेवटचा मंत्र सुरू केला. काकींचे हात जोडलेलेच होते. त्या अजून वाट बघत होत्या. नवरा ज्या मुलीचं यंत्रसुद्धा विसरला नाही ती त्यांच्या शेजारीच उभी होती, आणि मला तिथून कुठे तरी निघून जावंसं वाटलं.

घंटा वाजली. भटजी कलश घेऊन बाहेर आले. वर नारळ, आंब्याची पानं, लाल वस्त्र. कलशासाठी अंगणात वेगळा मांडव घालायचा होता, पण त्याचे पत्रे काही वेळेवर आले नाहीत. तेव्हा भाईंनी आदल्या दिवशी ठरवून टाकलं होतं, की पत्रे येईपर्यंत कलश गुरवाच्या पडवीत ठेवायचा. जवळ पडतं, सोवळं राहतं, आणि रात्री राखण करायला माणूस आहे. सनई वाजत होती, लोक नमस्कार करायला वाकत होते. काकी पुढे धावल्या, कारण पडवीत पाट मांडायचा होता.

जेवणं झाल्यावर मी तिवई घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी आले. मंडपात भाई, समितीतले तिघे-चौघे आणि दक्षिणा घेऊन पानाला चुना लावत बसलेले आठल्येभटजी होते. धाकूकाका समया आवरत होते. काकी सकाळची फुलं टोपलीत भरत होत्या.

"वायच थांबा," भाई म्हणाले.

मी थांबले. माझ्याकडे तीन तास होते. त्यानंतर गाभाऱ्याच्या दाराची कोरीव चौकट, मोडण्याआधी जपून काढून ठेवायची म्हणून, सुतार उतरवणार होते.

भाई काकांना म्हणाले, "धाकू, कौल लावचो रवलो."

"रवलो," काका म्हणाले.

"मगे लाव आता."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "कोणाक लावू?" त्यांनी विचारलं.

पिढ्यान् पिढ्या त्या गावात कुठलीही अडचण आली, की देवीला विचारायचं आणि ती सांगेल तसं करायचं. नांगर कधी धरायचा, मुलगी कुठल्या घरी द्यायची, भांडणात कोण खरा. आज देवी आत नव्हती. कलशाला कौल लागत नाही, तो पाण्याचा. मंडपातल्या त्या चार-पाच वयस्क माणसांना पहिल्यांदाच आपलं आपण ठरवायचं होतं, आणि ते त्यांना जमत नव्हतं.

भाईंनी मार्ग काढला. माणूस खरंच समंजस होता. ते म्हणाले, की यंत्र धाकूने आत न्यावं, बटण दाबायला काय लागतं, ह्या ताईंनी बाहेरून सांगावं. मी लगेच होकार दिला. मला गाभारा हवा होता, मान नको होता. मी काकांच्या हातात स्कॅनर दिला आणि कुठलं बटण ते दाखवू लागले. दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तसा तो त्यांनी धरला होता.

"भाईनू, माका एक सांगा," काकी म्हणाल्या.

त्या टोपली घेऊन उभ्या होत्या. पदर डोक्यावर होता. आवाज नेहमीचाच होता, भाजीत मीठ पडलं का विचारावं तसा.

"आई आता खय आसा?"

"खय म्हणजे? तुमच्याच पडवीत, वैनी."

"मगे आत काय आसा?"

भाईंनी भटजींकडे बघितलं. भटजींनी पान तोंडात घालता घालता सांगितलं, "आत दगड आहे. कलाकर्षण झालं म्हणजे झालं. अजून देवी आहे म्हणालात, तर मी सकाळपासून काय केलं?"

"दगडाक बायलमाणसाचा काय होता?" काकी म्हणाल्या. "आणि आई अजून आत आसात, म्हणान आमी जावचा नाय, तर मगे उद्या तिच्या डोक्यावरचा छप्पर कसा काढतलात?"

वर छपरात पारव्याचं जोडपं घुमत होतं. समितीतला एक जण काही तरी बोलायला गेला आणि नुसताच खाकरला. भाईंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. दोन्हीपैकी एकच खरं असू शकत होतं, आणि त्यांना देऊळ तर बांधायचं होतं.

"जावा," ते मला म्हणाले. मग काकींकडे वळून, "तुमी पण जावा, वैनी."

धाकूकाकांनी स्कॅनर माझ्या हातात परत दिला. बायकोकडे त्यांनी बघितलं नाही.

आत पाऊल टाकताना मला तसं विशेष काही वाटलं नाही. मी पुष्कळ गाभाऱ्यांत गेले होते. काकी माझ्या मागून आल्या. त्यांनी उंबऱ्यावर क्षणभर पाय थांबवला, पदर खोचला आणि ओलांडून आल्या. आत खूप गरम होतं आणि तेलाचा खवट वास होता. मी दिवा लावला.

मूर्ती माझ्या कमरेएवढीसुद्धा नव्हती. लुगडं, दागिने, मुकुट सगळं उतरवलेलं. काळा दगड, तेलाने गुळगुळीत झालेला, नाकडोळे अभिषेकाने जवळजवळ पुसलेले.

"एवढीशी?" काकी म्हणाल्या.

त्या गुडघ्यांवर बसल्या. मूर्तीच्या खांद्यावरून, दंडावरून तळहात फिरवला, जशी मापं घेत असाव्यात. मग उठल्या आणि मूर्तीच्या मागे गेल्या. मागे एक फाटकी गोणी होती, अगरबत्तीचे रिकामे पुडे होते, तुपाचा गंजलेला डबा, वटवाघळांची घाण आणि कुठल्याशा पतपेढीचं चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. कोपऱ्यात काजळी बोटभर साचलेली.

काकी सगळं बघत राहिल्या. "आणि आमी इलव तर इटाळ होता," त्या म्हणाल्या, आणि खाली वाकून डबा उचलला.

"काकी, थांबा." मी घाईघाईने म्हटलं. "काही हलवायचं नाही. जसं आहे तसं टिपायचं, तो आमचा नियम आहे."

"आसा तसा? ह्या असा? जगाक दाखवतलंस?"

"जगाला म्हणजे, अभ्यास करणाऱ्यांना."

"पावणो येवचो आसलो तर आदी घर झाडतत गो," त्या म्हणाल्या. "ह्या घराची ही शेवटची दुपार. ह्या असाच जावक देव?"

मी घड्याळ बघितलं. नियम मला पाठ होता. पण त्या बाईने जन्मभर त्या घरासाठी वाती वळल्या होत्या आणि ते घर आतून आज बघितलं होतं. मी म्हटलं, आधी माझं करू द्या, मग तुमचं करा, मग मी पुन्हा करीन. त्यांना ते पटलं. बाहेरचे आणि आतले बिंदू नंतर जुळवता यावेत म्हणून मी पांढरे गोळे चार कोपऱ्यांत ठेवले, आम्ही दोघी बाहेर आलो, आत यंत्र गरगर फिरलं आणि गोणीसकट, डब्यासकट, कॅलेंडरसकट सगळा गाभारा टिपून घेतला. मग काकी घरून केरसुणी, काथ्या आणि गरम पाणी घेऊन आल्या. त्यांनी भिंती घासल्या, फरशी घासली, मूर्तीची पाठ पुसली. मंडपातले पुरुष एकेक करून काही तरी कामाची आठवण होऊन निघून गेले. भिंतीवरची काजळी गेली तेव्हा तिथे दगडात कोरलेली कमळांची एक ओळ निघाली, जी कुणालाच माहीत नव्हती. मी दुसऱ्यांदा यंत्र लावलं. संस्थेच्या संग्रहात आज पहिला गाभारा आहे, नियमाप्रमाणे. दुसरा माझ्याकडे आहे. तो मी कधी कधी उघडून त्यात फिरून येते.

फरशी वाळेपर्यंत आम्ही उंबऱ्याच्या आत बसलो होतो. मला राहवेना. मी म्हटलं, "काकी, आता आत आलाच आहात. सुगंधाचं सांगून टाका ना. कुणी ऐकत नाहीये."

"तांच तर," त्या म्हणाल्या. "हय कोण आसा ऐकूक?"

त्यांनी भाईंना जे विचारलं होतं ते वादात जिंकण्यासाठी विचारलं नव्हतं. त्यांचा त्याच्यावर खरोखर विश्वास होता. हे माझ्या ध्यानात यायला इतका वेळ लागला होता.

चौकट उतरवायला सुतार आले तेव्हा मी केबल गुंडाळत अंगणात होते. काकी घरी गेल्या होत्या. धाकूकाका चौथऱ्यावर बसून समया चिंचेने घासत होते. माझ्यातला फटकळपणा उसळून आला आणि मी सरळ विचारलं, "काका, माझ्या यंत्रासाठी गाऱ्हाणं घातलंत. स्वतःच्या मुलीसाठी का नाही घातलंत?"

ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते घासत राहिले. समई पुरती लखलखीत केली.

"सुगंधा गेली तेव्हा गाव जमलो," ते म्हणाले. "म्हणाले, धाकू, पूजा सोड नाय तर चेडू सोड. माज्या बापाशीन केली ती पूजा, तेच्या बापाशीन केली. मी थय, त्या उंबऱ्यार हुबो रवान आईक सांगलंय, माका चेडू नाय. गाव म्हणालो, व्हय म्हाराजा." त्यांनी समई उलटी करून पाणी ओतलं. "आता त्याच तोंडान तिका काय सांगू? काल खोटा बोललंय म्हणान?"

"भाई होते तेव्हा?"

"नाय. भाई तेव्हा मुंबयक. जे होते तेतले निम्मे मेले." त्यांनी दुसरी समई पुढे ओढली. "शब्द काय मरणा नाय."

माझा राग त्यांच्यावरून उठला, आणि दुसरीकडे कुठे जाऊन बसावा हे मात्र त्याला कळेना. सुतारांनी चौकटीला पहिली पहार लावली. काका उठले आणि आंघोळीला विहिरीवर गेले. संध्याकाळची आरती त्यांनाच करायची होती.

दिवेलागणीला मी पडवीच्या एका कडेला पेटी भरत बसले होते. समोर पाटावर कलश होता, भोवती काकींनी काढलेली रांगोळी. देवळातून लाकूड उतरवल्याचे आवाज येत होते. सगळं गाव तिकडे होतं. काकी हातपाय धुऊन आल्या, समई लावली, वेणी वाहिली. त्या पाटासमोर उंबरा नव्हता. वेणी कुणाच्या हातात द्यायचीही नव्हती. त्यांनी ती स्वतःच्या हातांनी कलशावर घातली, सारखी केली, आणि मागे न सरता तिथेच बसल्या. हात जोडले.

"गे आई पावणाई," त्या म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या, घालतात तसंच. "तू आज माज्या घराक इलंस. माका गाऱ्हाणा घालूक येणा नाय. चुकला माकला तर पदरात घे."

विहिरीकडच्या दारात काका येऊन उभे राहिले होते. ओल्या पंच्याने, हातात पाण्याचा तांब्या. काकींची त्यांच्याकडे पाठ होती. पण पावलं त्यांनी ऐकली असणार.

"ह्यांनी तुका सांगल्यानी, आमका चेडू नाय. गावान पण तसाच सांगल्यान. ता तू ऐकलंस. आता माजा ऐक. माका चेडू आसा. सुगंधा तिचा नाव. दोनदा तिची कूस रिकामी झाली, आता आठवो म्हयनो लागलो. जी काय वाकडी नड आसात, ती दूर कर. तिचा मूल तिच्या मांडयेर दी. मायलेकरांका सुखी ठेव."

त्या थांबल्या. गाऱ्हाण्यात तिथे थांबतात.

पडवीत आम्ही तिघंच होतो. मी बाहेरची, त्या गावची नव्हे, देवीची नव्हे. पण साथ कुणी तरी द्यायलाच हवी होती, नाही तर ते बोलणं तिथेच पडून राहिलं असतं. मी म्हणायला तोंड उघडलं. काकींनी मान न वळवता एक हात जरासा वर केला. मी तोंड मिटलं.

त्यांनी हात पुन्हा जोडला आणि वाट बघत बसल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती. वेळ किती गेला मला सांगता येणार नाही. समईची एक वात फडफडली, ती त्यांनी बोटाने पुढे केली.

धाकूकाकांनी तांब्या खाली ठेवला. ते पुढे आले, बायकोच्या मागे उभे राहिले, हात जोडले आणि त्यांनी मान ताठ केली.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.